शेवाळ वाढवायचं कसं?

मंडळी, नव्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये शेवाळ माजलंय म्हणून मी इथंच रडले होते ना? आजचं ऐका.

तपकिरी थर गेला तर हिरवं आलं. रोज काच घासून हात दुखायचे. त्यात सासूबाईंचा धोशा, "सोलापुरात समुद्र कशाला? घाण हाय नुसती. काढून टाक!" हौसेनं आणलेला टँक, काढवत नव्हता.

परवा पुण्याहून शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगाई मागवून टँकमध्ये सोडल्या. आज सकाळी भाकरी करत होते, तर बाहेरच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली, "अगं, हितं ये की! बघ, चाटून चाटून काच कशी लख्ख करतीया!"

त्या चक्क स्टूल घेऊन टँकसमोर बसल्या होत्या. गोगलगाय सरकेल तसा काचेवर स्वच्छ पट्टा उमटत होता आणि त्यातून केशरी मासा दिसत होता. आम्ही दोघी बघतच राहिलो. तव्यावरची भाकरी करपली, तरी कुणी उठलं नाही.

संध्याकाळी सवयीनं ब्रश घेतला, तर सासूबाईंनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे की. समदं तूच घासलंस तर गोगलगाई काय खातील?"

तर जाणकारांनो, आता शेवाळ वाढवायचं कसं, तेवढं सांगा!