झाकणाचा चिनी कप

सिल्वासाहून शाळेची सहल घेऊन मुंबईच्या संग्रहालयात गेले होते. जुन्या चिनी घरांतल्या वस्तूंच्या कपाटात एक फणी, एक पंखा आणि निळ्या फुलांचा, झाकणाचा कप दिसला. माझे पाय तिथेच थांबले.

असाच कप वीसेक वर्षांपूर्वी आमच्या घरी आला होता. ह्यांच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला चिनी इंजिनियर चहाला येताना तो घेऊन आला. "त्याच्या आईचा आहे, तुला देतोय," हे म्हणाले. मी हसून घेतला.

तो गेल्यावर मात्र म्हटलं, "काय काय खातात ही माणसं! स्वयंपाकघरात नको." आम्ही तरी कुठले शाकाहारी? तेव्हाही घरभर सुक्या बोंबलाचा वास होता. कप गेला न्हाणीघरात, दात घासायचे ब्रश ठेवायला.

मायदेशी परतताना तो निरोप घ्यायला आला आणि हात धुवायला न्हाणीघरात गेला. बाहेर आल्यावर मी दिलेला चहा त्याने शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

संग्रहालयाच्या काचेवर पाटी होती, 'हात लावू नये'. आमच्या घरी तशी पाटी कुणी लावली नव्हती, तरी त्या कपाला कधी कुणाचे ओठ लागले नाहीत.