पिस्ता रंगाचा पदर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही मुंबईत उतरलो, अन् तिथूनच सगळं सुरू झालं. गावी, धावड्याला परत येऊन महिना झाला, तरी पापड लाटायला बसलं की कोणीतरी एक किस्सा काढतंच. संपत तर नाहीत, उलट वाढतात!

आम्ही बचत गटाच्या नऊ जणी अन् माझी तीन वर्षांची परी. बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून त्या दिवशी फोर्ट बघायचं, खरेदी करायची. माझा सगळा जीव परीत. गर्दीत हरवली तर? म्हणून सगळ्यांनी सारख्या पिस्ता रंगाच्या साड्या नेसायच्या, ही आयडिया माझीच. परीकडून घोकून घेतलं, "काही झालं तरी पदर सोडायचा न्हाई."

*

एका बँकेची फरशी अशी चकचकीत, की तोंड दिसावं! आमच्या अध्यक्ष कांताआत्यांनी दारातच चपला काढल्या. मंग आम्हीपण. नऊ जोड!

वॉचमन धावत आला. "मावशी, हे देऊळ नाही, बँक आहे!"

"मंग एवढी पुसता कशाला?" आत्या म्हणाल्या. " आमच्या सारवलेल्यावर कोणी चपला घालून आलं, तर मी झाडूच घेते!"

वॉचमनने हळूच स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

*

काचेच्या दाराच्या एका दुकानात आमच्यातल्या शोभाला पर्स आवडली. भोकरदनच्या बाजारात भाव पाडायची एकच रीत. "राहू द्या" म्हणायचं अन् चालू लागायचं. दहा पावलांत हाक येतेच.

शोभा निघाली. वीस पावलं झाली, हाक नाही. परत आली, तर दार आपोआप उघडलं. असं तीनदा झालं.

"बाई, दाराला माझी गरज हाय, मालकाला न्हाई!"

*

दुपारी एका मोठ्या बिल्डिंगसमोर कट्ट्यावर भाकरी-ठेचा काढला. बाजूला टायवाला पोरगा बघत होता. आत्या म्हणाल्या, "ये लेकरा, जेव."

दोन घासांत त्याच्या डोळ्यांतून धारा! तेवढ्यात त्याचा दोस्त आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझी पण नोकरी गेली का रे?"

मंग तोही बसला जेवायला.

*

हात धुऊन वळले, तर परी नाही! प्रत्येकीला वाटलं, दुसरीजवळ आहे.

"पदर बघा गं!" आत्या ओरडल्या. नऊ साड्या, नऊ पदर, सगळे रिकामे.

तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधून झाडलोट करणारी बाई आली. साडी पिस्ता रंगाची! तिथल्या बायकांचा युनिफॉर्मच तो. पदराचं टोक परीच्या मुठीत, दुसऱ्या हातात बिस्किट.

"चौदाव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरले, तवा कळलं मागं शेपूट हाय! खिडकीतून समुद्र दाखवला अन् आणली खाली. बोलण्यावरून वाटलंच, आपल्याकडची हाय. मी मंदा, माहेर शहागडचं."

मी मारायला हात उगारला, अन् रडूच फुटलं.

परी म्हणाली, "मम्मी, मी पदर सोडलाच न्हाई!"

आत्यांनी फुटपाथवरच मंदाताईची ओटी भरली. नारळ नव्हता, पापड अन् शेंगा घातल्या. पदर आवळून धरत ती म्हणाली, "चार दिवाळ्या झाल्या, भाऊ न्यायलाच आला न्हाई."

शहागडचं कोणी हे वाचत असेल, तर तिच्या भावापर्यंत एवढं पोचवा. आमची लेक तुमच्या लेकीनं परत आणून दिली. यंदा तिला न्यायला जा.