मोजे वाळले आणि घात झाला

फ्रिज, वॉशिंग मशीन आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली खटपट्या म्हणते, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तोच मागे वळून बघतो, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून. लोकांची यंत्रं तो झकास दुरुस्त करतो. बिघडतात ती त्याची स्वतःची, म्हणजे डोकं लढवून बनवलेली. एकदा त्याने बसल्याबरोबर पाठ चेपून देणारी खुर्ची बनवली. तिने पहिल्याच पाहुण्याला ढकलून दिलं आणि तो पाहुणा त्या घरात परत फिरकला नाही. अंडी उकडली की शिट्टी वाजवणारं पातेलं बनवलं. शिट्टी वाजायची, अंडी मात्र कच्चीच. माणसाने एक-दोनदा तोंडघशी पडल्यावर गप्प बसावं की नाही? पण हा पठ्ठ्या दर वेळी नव्या उत्साहाने पडायचा. लग्न केलं नाही, कारण वेळच मिळाला नाही असं तो सांगतो. खाली दुकान, वर त्याची एक खोली, आणि समोरच्या दारात थोरली बहीण आणि भाची. मेहुणे नोकरीमुळे परगावी. त्यामुळे जेवण बहिणीकडे आणि बोलणी खाणंही बहिणीकडेच.

भाची अकरावीत. तिला तो इन्स्पेक्टर म्हणतो, कारण चूक हा प्रकार तिला खपत नाही. तिच्या वहीत खाडाखोड नाही, कपाटात चुरगळलेला कपडा नाही, आणि आयुष्यात एकही उत्तर चुकलेलं नाही. अशा मुलीचा आणि अशा मामाचा खरं तर छत्तीसचा आकडा असायला हवा. पण दोघांचं मेतकूट असं, की ताईलाच कधी कधी आपण पाहुणे आहोत असं वाटे.

तर या इन्स्पेक्टरबाईंना उन्हाळी विज्ञान शिबिराला जायचं होतं. साधंसुधं शिबिर नव्हे. सुट्टीभर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत राहायचं, खऱ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायचं. अर्ज करणारी मुलं रगड, जागा मूठभर. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आंघोळ करताना शिबिर, जेवताना शिबिर. मार्क भरून झाले, शाळेतल्या बाईंची शिफारस झाली, आणि शेवटच्या प्रश्नाशी येऊन गाडी अडली. ‘तुमच्या एखाद्या फसलेल्या प्रयोगाविषयी लिहा. काय फसलं, का फसलं, मग तुम्ही काय केलंत?’

“माझा एकही प्रयोग फसलेला नाही,” ती म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलावर डोकं ठेवून रडू लागली.

ताईने जाहीर केलं की प्रश्नच अन्यायाचा आहे. हुशार मुलांनी काय करायचं मग? खटपट्याला मात्र हसू आवरेना. फसलेले प्रयोग! अख्ख्या जगात ज्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं, तो माल कुणीतरी मागत होतं, आणि याच्याकडे पोटमाळा भरून पडला होता.

“अगं, एवढंच ना? हवा तो घे. खुर्ची घे, पातेलं घे!”

“ते तुझे आहेत, मामा. मी खोटं नाही लिहिणार. मला माझा हवा.”

“मग माझा एखादा तू नव्याने कर. माझ्या हातून फसला तो तुझ्या हातूनही फसेल. माझी गॅरंटी!”

आता आपल्या अपयशाची गॅरंटी छाती फुगवून देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पुढचे दोन दिवस तो पोटमाळ्यावर नुसता चढत-उतरत होता. कुठलं अपयश भाचीला शोभेल? अखेर त्याने निवडलं ते मोजे वाळवायचं कपाट. कल्पना सोपी होती. फ्रिज आतून गार होतो, पण त्याच्या पाठीमागून गरम हवा येते. ती फुकट का घालवा? म्हणून त्याने ताईच्या फ्रिजच्या पाठीला प्लायवूडचं अरुंद कपाट ठोकलं होतं आणि त्यात ओले मोजे टांगले होते. झालं असं, की हवा आतल्या आत कोंडली, फ्रिज धापा टाकू लागला, दूध नासलं, आणि मोजे वाळायच्या ऐवजी वाफाळले. ताई तो वास अजून विसरलेली नाही.

भाचीने कामाला हात घातला आणि तिथेच घोळ झाला. कारण तिला वाईट काम करता येईना! फसवायचं म्हणून ती बसली खरी, पण हात ऐकेनात. तिने कपाटाला खाली आणि वर भोकं पाडली, गार हवा खालून शिरावी, गरम वरून निघून जावी म्हणून. मामाच्या भंगारातून छोटा पंखा काढून बसवला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ओले मोजे तोलले, आत थर्मामीटर लावला, आणि तसेच ओले मोजे बाहेर खुर्चीवरही वाळत घातले, तुलनेसाठी. “हे सगळं कशाला?” मामाने विचारलं. “प्रयोग असाच करतात,” असं उत्तर आलं.

संध्याकाळी तिघं फ्रिजमागे दाटीवाटीने उभी राहिली. ताईने मोजा काढला, गालाला लावला आणि मटकन खाली बसली.

“कोरडा ठणठणीत! अगं बाई, आता काय करायचं?”

दूध ताजं होतं. फ्रिज गुपचूप आपलं काम करत होता. खुर्चीवरचे मोजे अजून दमट होते. वाट लागली म्हणजे काय, पूर्ण वाट लागली होती. भाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ताई तिची समजूत घालू लागली, “होईल गं, पुढचं नक्की फसेल.” खटपट्या “छे, छे, फार वाईट झालं,” असं पुटपुटत जिना उतरला, दुकानात शिरला, शटर अर्धं ओढलं आणि एकटाच नाचला. चाललं होतं! त्याच्या डोक्यातून निघालेलं काहीतरी, जन्मात पहिल्यांदा, चाललं होतं. वॉशिंग मशीनच्या ड्रमवर त्याने ताल धरला. मग वरून भाचीच्या हुंदक्याचा आवाज आला आणि त्याचे हात थांबले. त्याला स्वतःचीच लाज वाटली. पोरीचा हातातोंडाशी आलेला घास निसटला, आणि आपण इथे नाचतोय.

भाचीने सकाळी ठरवलं, एकदा करून भागत नाही, प्रयोग पुन्हा करायला हवा. मोजे पुन्हा ओले झाले, तोलले गेले, कपाटात गेले. ती आंघोळीला गेली. ताई कामावर गेलेली. खटपट्या चहाच्या निमित्ताने वर आला, इकडेतिकडे बघितलं, आणि कपाटाच्या वरच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबून, साळसूदपणे चहा पिऊन निघून गेला.

दुपारी वरून किंकाळी आली. “मामा! फसला! फसला रे!” आत वाफ धरली होती, फ्रिज घुरघुरत होता. भाची टुणटुण उड्या मारत होती. मामानेही मारल्या. ताई आली, तिने वास घेतला आणि आनंदाने नाक दाबलं. त्या घरात इतकी खुशी कुठल्या पास झालेल्या परीक्षेनंतरही झाली नव्हती.

पण ‘का फसलं’ हेही लिहायचं होतं ना! आणि या मुलीला ‘का’ चावलं की ती सोडत नाही. तिने पंखा तपासला, वायर तपासली, आकडे चाळले. “मी आंघोळीला जाईपर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतरच गरम होत गेलंय.” मग तिने वरच्या भोकात बोट घातलं. बाहेर आलं ते काळं, तेलकट फडकं. त्याला ग्रीसचा असा वास होता की गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल, हे कुणाचं.

“मामा!”

“तुला अपयश हवं होतं ना?” तो कोपऱ्यात सरकत म्हणाला.

“खरं हवं होतं! हे काय, वशिल्याचं अपयश?”

ताईचा सगळा राग उफाळून आला. “अरे, तिचं आयुष्य आहे ते! तिथेही तुझी खटपट?”  भाची मात्र हातातल्या फडक्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिचे खांदे हलायला लागले. रडतेय म्हणून ताई धावली, तर ती हसत होती. हसता हसता तिला उचकी लागली, मग ताईला हसू फुटलं, आणि शेवटी अपराधीही हसला. त्याच संध्याकाळी भाचीने घडलं तसं सगळं लिहून टाकलं, फडक्यासकट, आणि अर्ज पाठवून दिला.

अर्ज गेला, आणि खटपट्याच्या तोंडची चव गेली. आपण पोरीचं वाटोळं केलं, हे त्याच्या मनाने घेतलं. मुलाखतीला बोलावणं आलं तरी त्याला ते खरं वाटेना. चार शब्द सुनवायला बोलावलं असेल, तो म्हणाला. मुलाखत कॉम्प्युटरवर होती. ताईने त्याला ताकीद दिली की खोलीच्या आसपास फिरकायचं नाही. तो अर्थातच दाराला कान लावून उभा राहिला. आधी प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. मग अचानक पलीकडून दोन माणसांचं मोठ्याने हसणं. ते हसणं त्याच्या ओळखीचं होतं. जन्मभर त्याने ते ऐकलं होतं. स्वतःसाठी त्याने ते सोसलं असतं, पण भाचीला कुणी असं हसावं? तो बनियनवर होता तसाच आत घुसला.

“साहेब, बाई, पोरीचा काही दोष नाही! फडकं माझं होतं!”

पडद्यावर एक चष्मेवाल्या बाई आणि पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते. बाईंनी डोळे पुसले, हसून आलेलं पाणी. “तुम्हीच का ते फडकेवाले मामा? बसा, बसा. मला एक सांगा. तुमचं कपाट चांगलं चाललं होतं. मग तुम्हीच ते का बंद पाडलंत?”

त्याने बनियन खाली ओढलं. “पोरीला अपयश लागत होतं,” तो म्हणाला. “आणि मला त्याची सवय आहे.”

यावर मात्र कुणी हसलं नाही. गृहस्थांनी भाचीला विचारलं, “हाच प्रयोग परत करायचा झाला, तर काय बदलशील?”

  भाचीने एकदा मामाकडे बघितलं.

“पहिल्या दिवशी कपाट चाललं, तेव्हा मी रडले,” ती सावकाश म्हणाली. “आम्ही सगळेच हळहळलो. मामाचं आजवर काही चाललं नव्हतं, ते त्या दिवशी चाललं, आणि त्याला कुणी शाब्बाससुद्धा म्हटलं नाही. मी सगळं मोजलं, पण मामाकडे बघितलंच नाही. परत केला, तर आधी ते करीन.” मग पडद्यावरची माणसं विसरून ती पुरती त्याच्याकडे वळली. “मामा, भारी चाललं रे तुझं कपाट. खरंच.”

खटपट्याला काय करावं सुचेना. तो उठला, पुन्हा बसला, त्या दोघांना नमस्कार केला आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा त्याचं डोकं एका गिऱ्हाइकाच्या वॉशिंग मशीनमध्ये होतं. भाची जिन्यावरून ओरडतच खाली आली, त्याने डोकं वर काढलं ते आधी कडेवर दाणकन आपटलं, आणि मग मामा-भाची हातात हात घालून दुकानभर गरगर फिरली. ताई जिन्यात उभी राहून टाळ्या वाजवत होती. गिऱ्हाईक बिचारं आपलं मशीन सांभाळत भिंतीला चिकटलं होतं. त्याने विचारलं, काय झालं म्हणून. खटपट्याला दम लागला होता. कपाळावर टेंगूळ आलं होतं. “आमचं कपाट चाललं!” तो म्हणाला, आणि भाचीने मान हलवून सांगितलं की हो, चाललं.