एकेचाळिसाव्या मिनिटाचा नवरदेव

विद्यापीठाच्या प्रबंध विभागात एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे पुरावेकाका म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. गेली अठ्ठावीस वर्षं त्यांचं काम एकच: प्रबंधाच्या शेवटी संदर्भांची जी यादी असते, तिच्यातली ओळ न् ओळ खरी आहे का ते बघायचं. पुस्तक असेल तर पान उघडायचं. चित्रपट असेल तर नाव, दिग्दर्शक, साल तपासायचं आणि सांगितलेला प्रसंग कितव्या तासाला, मिनिटाला, सेकंदाला येतो ते यंत्रावर लावून बघायचं. सगळं जुळलं की शिक्का. नायिका पडद्यावर प्राण सोडत असते आणि काका कागदावर टिचकी मारून म्हणतात, "दोन सेकंद उशिरा मेली. दुरुस्ती करा."

घरीही हाच खाक्या. बायको म्हणाली, "तुमच्या आईंनी मला एकदा मंद म्हटलं होतं," तर हे विचारणार, "कधी? कुठल्या खोलीत? आणखी कोणी ऐकलं?" बिचारीकडे साक्षीदार नसायचा, मग प्रकरण निकालात. अशा माणसाबरोबर पंचवीस वर्षं संसार करणं म्हणजे खायचं काम नाही. तिने तो केला, पण हळूहळू तक्रारी सांगणंच सोडून दिलं. काकांना वाटलं, घरात शांतता नांदतेय.

तर एका मंगळवारी टेबलावर नवा प्रबंध आला. विषय: लग्नाच्या चित्रफितींमधले निरोपाचे क्षण. शहरातल्या एका व्हिडिओवाल्याने दुकान बंद करताना दोन पोती कॅसेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणून टाकल्या होत्या आणि एका हुशार मुलीने त्या पोत्यांवर चार वर्षं घालवली होती. काकांनी संदर्भ क्रमांक सतरा काढला. शीर्षक: 'लग्न, मोठा हॉल, भाग दोन'. दिग्दर्शक: अज्ञात.

अज्ञात चालत नाही. काकांनी व्हिडिओवाल्याला फोन लावला.

"मी कसला दिग्दर्शक?" तो म्हणाला. "मी नुसता बटण दाबत होतो. नवरीची एक आत्या होती. इकडे बघ, आता हस, पुरे, आता रड, हे सगळं तीच करून घेत होती."

काकांनी रकान्यात लिहिलं: दिग्दर्शक, नवरीची आत्या. लिहिताना काहीतरी ओळखीचं वाटलं, पण अशी आत्या घरोघरी असते म्हणून त्यांनी सोडून दिलं. मग कॅसेट यंत्रात घातली, एकेचाळिसाव्या मिनिटावर नेली आणि पडद्यावर त्यांचे सासरे दिसले.

सासऱ्यांच्या गळ्यात पडून नवरी ढसाढसा रडत होती. शेजारी भरघोस केसांचा एक हडकुळा नवरदेव मनगटावरच्या घड्याळात बघत उभा होता. प्रबंधाच्या पान दोनशे बारावर लिहिलं होतं: 'दोन मिनिटांत नवरदेव नऊ वेळा घड्याळ पाहतो. हा पुरुष लग्न लागताक्षणीच लग्नातून बाहेर पडला आहे.' काकांनी मोजलं. नऊ. वेळा तपासल्या. एका सेकंदाचीही चूक नाही. इतकं निर्दोष काम त्यांच्या टेबलावर आजवर आलं नव्हतं. या कार्टीने जरा निष्काळजीपणा केला असता तर काय बिघडलं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

दुपारी ती मुलगीच चौकशीला आली. काकांच्या डोक्यावर आता केस नव्हते आणि अंगाने ते दुप्पट झाले होते, तेव्हा ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांनी फाइल नाकापर्यंत धरली.

"सर, सतरा नंबर बघितलात? माझा लाडका नवरदेव आहे तो. कसला मख्ख चेहरा!"

"त्याला काही अडचण असेल," काका फाइलमागून म्हणाले. "गाडीची वेळ वगैरे."

"पुरावा काय?"

काकांनी फाइल आणखी वर सरकवली.

"बायको केव्हाच सोडून गेली असेल त्याला."

"छे, आज सकाळीच तिने डबा..." काका म्हणाले आणि मोठ्याने खोकले.

"पण सर, पडद्यावरची माणसं हयात असतील तर त्यांची संमती लागते ना? ती कुठून आणू? प्रबंध अडकला तर माझी नोकरी जाईल, एक तारखेला हजर व्हायचंय."

"विभाग बघून घेईल," काका म्हणाले.

विभाग म्हणजे तेच. संमतीच्या फॉर्मवर एक सोय होती: 'ठावठिकाणा लागला नाही' या चौकोनात खूण केली की सही लागत नाही. काका दोन तास पेन हातात धरून बसले. खूण केली की मुलगी सुटली, आणि बायकोला पान दोनशे बाराचा पत्ताही लागणार नव्हता. पण स्वतःच्याच खुर्चीत बसून स्वतःचा ठावठिकाणा लागत नाही असं लिहायचं कसं? खोटी नोंद त्यांच्या हातून होईना. शेवटी फॉर्म आणि ते पान पिशवीत घालून ते घरी गेले.

बायको कपडे घडी करत होती. काकांनी पान तिच्यापुढे ठेवलं. त्यांना भीती वाटत होती, साधी, सरळ भीती. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं.

"नऊ लिहिलंय," ती म्हणाली.

"हो. मी स्वतः मोजले."

"नऊ नाही, दहा. दहावं गाडीत बसल्यावर. कॅमेरा बंद झाला होता तेव्हा. मी बाबांना हात करत होते आणि खिडकीच्या काचेत तुम्ही दिसत होतात."

"आणखी कोणी..." काकांच्या तोंडून सवयीने निघालं आणि त्यांनी जीभ चावली. "अगं, मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मिनिटं विचारली असतीत. मी रडत होते हो. का बघत होतात सारखं?"

काकांनी आठवून आठवून पाहिलं. गाडी मामांची होती, रात्रीपर्यंत थांबली असती. एखादं कारण ठोकून दिलं असतं तर तिने ऐकूनही घेतलं असतं. काकांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"नाही आठवत," ते म्हणाले. "पण बघत होतो. चुकलं माझं."

तिने हातातल्या सदऱ्याची घडी पूर्ण केली. मग फॉर्म ओढून घेत म्हणाली, "आधी दहा करायला सांगा त्या मुलीला." आणि सही केली. तिच्या सहीखाली काकांनी आपली केली.

दुसऱ्या दिवशी मुलगी हटूनच बसली. "दहावं कॅसेटमध्ये नाहीच, सर! कोण म्हणतं दहा?"

"माझी बायको," काका म्हणाले आणि फाइल खाली ठेवली.

मुलीने फॉर्मवरच्या दोन सह्या बघितल्या, मग काकांचा चेहरा बघितला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "सर, ते वाक्य... लग्नातून बाहेर पडलाय, ते... काढून टाकते मी."

"राहू दे," काका म्हणाले. "एकेचाळिसाव्या मिनिटाला ते खरंच आहे." आणि नऊच्या जागी दहा लिहून त्यांनी शिक्का मारला.