पानामागच्या लेकी

दप्तरमावशींचं दूध गॅसवर होतं आणि यजमान कपाळावरचाच चष्मा घरभर शोधत होते, तेवढ्यात दार वाजलं.

"आली तुझी गिऱ्हाइकं!" यजमान म्हणाले. "जन्मनोंदीच्या कचेरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण कचेरी काही पाठ सोडत नाही."

खोटं नव्हतं ते. जिल्ह्यात कुणाला पणजोबा शोधायचे असले, की तो मावशींकडे येई. मग कुणाला शाळेच्या जनरल रजिस्टरकडे, कुणाला जमिनीच्या दप्तराकडे, कुणाला म्हाताऱ्या सुईणीच्या वहीकडे त्या धाडत.

दारात एक शिक्षिका होती, रडवेली.

"मावशी, कचेरीत आजीच्या दोन्ही भावांची जन्मनोंद सापडली, तिची नाही. कारकून हसून म्हणाला, 'आणली असेल कुठून तरी!' नव्वदीची आजी ते ऐकल्यापासून जेवत नाहीये. आणि जन्माची जुनी पुस्तकं आज रद्दीत चाललीत."

मावशींनी गॅस बंद केला. "अहो, दुधाकडे बघा," म्हणत त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

कचेरीच्या व्हरांड्यात पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने आवळून ठेवले होते. तीस वर्षं मावशींनी ज्यांना फडक्याने पुसलं, त्यांच्यावर कुणीतरी चहाचे कप ठेवले होते. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मावशी, सगळं संगणकावर चढलंय," कचेरीचे साहेब म्हणाले.

"पानं उलटली होतीत?"

"म्हणजे?"

"जुने कारकून मुलगे पानाच्या पुढे लिहायचे आणि मुली मागे. कागद वाचवायचा, तोही लेकींच्याच वाट्याचा!"

साहेब चाचरले. "संगणकावर चढवायचा ठेका पानाच्या एकाच बाजूचा होता..."

"म्हणून अर्धा जिल्हा जन्मलाच नाही? आणि वर त्या म्हातारीची थट्टा!"

मावशींनी सुतळी सोडली, आजीच्या जन्माचं साल पाहिलं, मुलग्यांनी भरलेलं पान काढलं आणि उलटलं. कडेला, बोटभर जागेत, आजी होती. नाव, वार, आईचं नावसुद्धा. शिक्षिकेने त्या ओळीवर बोट ठेवलं, ते उचलेचना.

कारकून खाली बघत कप उचलू लागला.

"आता बोला, काय हवंय तुम्हाला?" साहेबांनी हळूच विचारलं.

"खिडकीपाशी एक टेबल द्या," मावशी म्हणाल्या. "आणि माझं शेवटचं पान उलटून होईपर्यंत यातलं एकही पुस्तक हलवू नका."