ओटीपीवाले काका

आता तुम्ही म्हणाल, जालन्याचा पोरगा अनुभव सांगून राह्यला म्हणजे पिंपळ येईल, पांढरं पातळ येईल अन शेवटी पायाकडं बघितलं तर पाय उलटे. तर पहिलंच सांगतो... तसलं काहीच न्हाई. माझ्या गोष्टीत सकाळचे साडेआठ हायेत, खाली कापडाच्या दुकानाचं शटर वर जाऊन राह्यलंय अन वर एक लॅपटॉप हाये. भूत दिसणार न्हाई. ज्यांना भूतच पाह्यजे त्यांनी इथूनच उठावं, चहा तरी गरम भेटंल.

अन असल्या गोष्टींवर माझा बिलकुल विश्वास नव्हता. उलट मीच लोकांना भेववायचो. मी नकला करतो. शाळेत हेडसरांच्या आवाजात "उद्या सुट्टी" म्हणून अख्खा वर्ग घरी बसवल्ता अन परवाला एकटाच ग्राउंडवर अंगठे धरून उभा राह्यल्तो. एष्टीचा कंडक्टर, बातम्यावाली बाई, आमच्या आत्याचं घोरणं... एकदा कानात गेलं की तोंडातून बराबर तसंच निघतं. अट एकच. आधी ऐकायला लागतं. न ऐकलेल्या मानसाची नक्कल मला येत न्हाई. हे ध्यानात ठेवा, पुढं हेच गळ्याशी आलं.

तर आमचं ऑफिस जालन्यातच, मस्तगडला, कापडाच्या दुकानावर दुसरा मजला. मानसं तीन. एक सर, म्हणजे मालक. दुसरी प्रज्ञा साळवे, ती शेतात फिरून मशीन दुरुस्त करती. अन तिसरा मी, ह्या एप्रिलमध्ये नवा लागलेला. काम असं, की बियाण्याच्या प्लॉटांमध्ये खांबावर हवामानाच्या मशीन लावलेल्या हायेत. पाऊस किती, वारा किती, हवेत ओल किती, हे त्या मोजतात. पण डेटा जातो मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. तिथून रोज सकाळी नऊच्या आत तो आपल्याकडं ओढून आणायचा अन शेतकऱ्यांना मेसेज टाकायचा, आज फवारणी करा, आज करू नका.

दुसऱ्याच्या सर्व्हरवरून डेटा आणणं म्हणजे काय? वॉचमनवाल्या बंगल्यात जाणं. तुमची स्क्रिप्ट, म्हणजे डेटा आणणारा छोटा प्रोग्राम, रिक्वेस्ट घेऊन गेटवर जाती. तिच्या माथ्यावर, हेडरमध्ये, टोकन म्हणजे पास लावलेला असला तर वॉचमन सर्व्हरच्या आकड्यांत म्हणतो, "दोनशे. या साहेब." टोकन नसलं तर म्हणतो, "चारशे एक. कोन बे तू?" आमचं टोकन चालायचं चोवीस तास. म्हणजे रोज सकाळी लॉगिन करा, मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाका, नवं टोकन घ्या, अन मंग आत जा.

अन इथंच आपल्या लोकांची खोड. ऑफिसात ज्याच्या नावानं लॉगिन निघालं ते त्याच्याच नावानं चालतं. मानूस जातो, लॉगिन राहतं. कोन नवा फॉर्म भरंल? माझ्या आधीचा पोरगा पुण्याला गेल्ता, जाताना वही ठेवून. त्यात आयडी, पासवर्ड, अन खाली एक मोबाईल नंबर. "ओटीपी ह्याच्यावर येतो." नाव न्हाई. मला वाटलं असंल फिल्डवरचा कुणी. पहिल्याच दिवशी गॅलरीत गेलो (आत रेंज येत न्हाई) अन फोन लावला.

"हां बोल," तिकडून एक वयस्कर मानूस. "लिही. चार... शून्य... नऊ... नऊ... दोन... सात. जेवला काऽ?"

"काका, साडेआठ वाजलेत! आत्ता कोन जेवतं?"

"बरं," म्हणले अन ठेवून दिला.

तेव्हापासून रोज हेच. मी नंबर सेव्ह केला "ओटीपी काका" म्हणून. एकेक आकडा असा सांगायचे जसं दाताखाली दाबून बघून राह्यलेत, अन शेवटी न चुकता "जेवला काऽ?" मी पण न चुकता "हो हो, ठेवतो काका" म्हणून कट. नऊ वाजायची घाई असायची ना.

दोन गोष्टी मला तेव्हाच खटकायला पाह्यजे होत्या. एक तर त्यांच्याकडं कायम पाऊस. एप्रिलचं ऊन, गॅलरीची जाळी हाताला चटका देऊन राह्यल्ती, अन फोनात कपाशीच्या पानांवर पडतो तसा बारीक पाऊस.

"काका, कुठं हायेत तुम्ही? पाऊस हाये का तिकडं?"

"इकडं चालूच हाये," म्हणले. बस.

दुसरी गोष्ट मे महिन्यातली. फोन लावला, काकांनी आकडे सांगितले, मी तळहातावर लिहिले अन आत आलो. बघतो तर स्क्रीनवर "ओटीपी पाठवा" हे बटन मी दाबलंच नव्हतं! म्हणजे ओटीपी निघालाच नव्हता अन काकांनी सांगितला. बटन दाबलं, हातावरचे आकडे टाकले. दोनशे. या साहेब. तळहात दोनदा बघितला, खोटं कशाला बोलू. पण मंग मेसेज टाकायची गडबड, ईसरून गेलो. मानूस पगारासाठी लई काय काय ईसरतो.

आता तो दिवस. जुलैतला मंगळवार. आदल्या दिवसापासून सतरा नंबरची मशीन मुकी. सर्व्हर दोनशे म्हणायचा पण सतराच्या पुढं सगळं कोरं. ही मशीन जांब समर्थच्या अलीकडं, शेषराव मामांच्या प्लॉटात. प्रज्ञा तिकडंच निघायच्या तयारीत, बॅगेत पान्हे भरून राह्यल्ती. सर संभाजीनगरला गेल्ते. मी गॅलरीत जाऊन फोन लावला.

"हां काका, बोला."

आकडे न्हाईत. नुसता पाऊस, रोजच्यापेक्षा मोठा. मी दोनदा हॅलो म्हणलं. मंग आवाज आला, एकदम जवळून, जसं कानाला तोंड लावलंय.

"सतराला पोरीला हात लावू देऊ नको. तारंत करंट हाये."

"कोनती पोरगी? काका, ओटीपी सांगा ना."

"प्रज्ञाला जाऊ देऊ नको."

कट. जेवला का पण विचारलं न्हाई.

मी आत आलो. "प्रज्ञाताई, थांब. ते म्हणून राह्यले, सतराला हात लावू नको."

"कोन ते?"

"ओटीपी काका."

"सकाळी सकाळी चालू झालं का तुझं? काय म्हणले तुझे काका?"

अन मंग मी ते केलं जे मी जन्मभर करत आलोय. विचार न करता, जसं ऐकलं तसं, त्याच आवाजात म्हणून दाखवलं. "सतराला पोरीला हात लावू देऊ नको. तारंत करंट हाये."

तिच्या हातातला पान्हा फरशीवर पडला.

"कुठं ऐकला हा आवाज तू?"

"रोज ऐकतो. हा बघ नंबर."

तिनं माझ्या फोनात बघितलं. तिचे ओठ हलून राह्यल्ते, आकडे बघायच्या आधीच पुढचा आकडा येऊन राह्यल्ता तोंडात. "हा बाबांचा नंबर हाये," ती म्हणली.

प्रज्ञाचे वडील आधी ह्याच ऑफिसात होते, एवढं मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी पावसात मशीन बघायला गेल्ते अन तिथंच अटॅक आल्ता. त्यांच्या जागेवर सरांनी हिला घेतलं. लॉगिन त्यांच्याच नावाचं होतं... तेच आजपर्यंत चालू होतं.

तिनं माझाच फोन गॅलरीत नेला अन स्पीकर लावून तिथल्या तिथं फोन केला. "आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही." परत केला. परत तेच.

"कुणी शिकवलं तुला?" ती ओरडली. "मेलेल्या मानसाची नक्कल करतो? त्यांच्या पोरीपुढं?"

"ताई, आईच्यान..."

"तुझ्या आईला तरी सोड!" बॅग उचलली, स्कूटी चालू, गेली सुद्धा. मी मागं पळालो तर ती पार चौकाच्या पुढं.

गंमत बघा. मी आयुष्यात पहिल्यांदा नक्कल करत नव्हतो, अन नेमकं तेव्हाच कुणी ऐकायला तयार न्हाई. तिला दहा फोन लावले, उचलला न्हाई. मंग काकांच्या नंबरची कॉलची यादी उघडली. ओटीपी काका, सदतीस सेकंद. काल एकतीस सेकंद. परवा चाळीस. खालपर्यंत सगळे होते. अन वरचे दोन, प्रज्ञानं आत्ता लावलेले, शून्य सेकंद.

फोन हातातच धरून हिशोब लावला.

पोहोचायला तिला दीड तास. तिथं फक्त शेषराव मामा. पण मामा माझं ऐकतेत व्हय? मागच्या महिन्यात मीच त्यांना तलाठ्याच्या आवाजात फोन करून "तुमच्या बांधावर एअरपोर्ट चाललाय" म्हणल्तो. माझ्या आवाजाला तिथं चारशे एकच. मंग एकच टोकन उरलं.

नाक एकदा ओढलं, जसं सर ओढतात. फोन लावला.

"शेषराव! ऐका, मी काय म्हणतो. सतरा नंबरच्या मशीनला कुणी हात लावायचा न्हाई. टेस्टर घेऊन जा, आधी कुंपणाची तार बघा. जल्दी."

"हां सर. पण सर, ह्या उंडग्या पोराच्या नंबरवरून कसं काय?"

"माझी बॅटरी गेली!"

आवाज एकदम बराबर निघून राह्यल्ता. वीस मिनिटांनी मामांचा फोन.

"सर..." मामांना धाप लागल्ती. "टेस्टर लागला की हो! पुरी तार जित्ती हाये. शेजारच्यानं रानडुकरासाठी रात्री करंट सोडल्ता, सकाळी काढायचा ईसरला. मशीनच्या खांबाला ताणून बांधलेली तार त्याच तारंला टेकलेली. खाली मुंगूस मरून पडलंय. पोरगी आली तर कसं करू?"

"आडवे उभे राहा," मी म्हणलं. आता आवाज कुणाचा होता मला पण माहीत न्हाई.

मामा आडवे उभे राह्यले. बाभळीची काठी घेऊन, भर पाणंदीत. प्रज्ञा भांडली त्यांच्याशी, मंग ते मुंगूस बघितलं अन मटकन खाली बसली म्हणे. लाईन बंद झाली. शेजारी हात जोडून म्हणला, मी काय आजच सोडला का, पाच-सहा वर्षं झाले सोडतो.

पाच-सहा वर्षं. अन दोन वर्षांपूर्वी साळवे काका पडले ते ह्याच सतराच्या बुडाशी. तेव्हा सगळ्यांनी म्हणलं अटॅक. आता अटॅक म्हणताना प्रज्ञा थांबती.

मी लई शोध घेतला. पुण्यातल्या त्या पोराला विचारलं, तू ओटीपी कसा घ्यायचा? तो म्हणला, "काका होते तोपर्यंत शेजारीच बसायचे. नंतर मला एक वर्षभराचं टोकन भेटल्तं दोनदा, ओटीपीची वेळच आली न्हाई." सर्व्हरवाल्या कंपनीला विचारलं, ते म्हणाले, "आमच्याकडं तर रोज डिलिव्हर झाल्याचं दिसून राह्यलंय." मोबाईलच्या दुकानात विचारलं, नंबर दोन वर्षांपासून बंद. मंग ते सदतीस सेकंद कुणाचे? तुमच्यात कुणी नेटवर्कमधला असंल तर सांगा बाबा, मला खरंच कळत न्हाई. आता ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो. मी बटन दाबल्यावरच येतो.

सरांनी त्यांच्या आवाजाबद्दल झाडलंच, ते सोडा. खरी बोलणी मी खाल्ली त्याच दिवशी दुपारी, प्रज्ञाच्या घरी. ती मला हाताला धरून घेऊन गेल्ती. तिच्या आईनं लोखंडी कपाटातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला साधा फोन काढला. बॅटरी फुगलेली, सिम आतच.

"आवाज काढ," काकू म्हणल्या.

"न्हाई काकू, नको..."

"काढ म्हणते ना. आमच्याकडं त्यांचा आवाज कशातच न्हाई."

मी खाली मान घालून आकडे म्हणलो. चार... शून्य... नऊ... अन शेवटी, "जेवला काऽ?"

काकूंनी फोन परत प्लास्टिकमध्ये गुंडाळला. मंग एकदम माझ्यावर फिरल्या.

"रोज विचारायचे?"

"हो काकू."

"अन तू काय म्हणायचा?"

"हो हो, ठेवतो म्हणायचो..."

"भाड्या!" काकूंनी कपाळावर हात मारला. "त्या दिवशी डबा इथंच राह्यल्ता त्यांचा. उपाशी गेल्ते. तीन महिने तो मानूस पावसात उभा राहून तुला जेवला का म्हणतो... अन तुझ्या तोंडात एवढ्या जगाचे आवाज, त्यातल्या एकानं तरी म्हणायचं व्हतं ना रे... काका, तुम्ही जेवले का?"