मेंढीच्या दोन गाठी

पीरमहंमद मुलाणी म्हसवडचा. साठी उलटलेली, शाळेची पायरी न चढलेला, आणि माझ्या डोळ्यांत सलणारा.

साताऱ्यातल्या आमच्या लहानशा संग्रहालयात मी, आकाराम, वीस वर्षं शिपाई आहे. हाडांची खोली मीच झाडून-पुसून लावली. माणगंगेच्या काठी एक जुनी वस्ती उकरलीय. तिथं सापडलेलं तुटकं हाड कुठल्या जनावराचं, हे ठरवायला ओळखीच्या जनावराचं हाड शेजारी ठेवून ताडून बघावं लागतं. ती ओळखीची हाडं पीरमहंमद आणायचा. गावात शेळी-मेंढी तोच कापतो, हाडं शेणखतात पुरतो आणि वर्षानं स्वच्छ करून काढतो. त्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या शिवांजली मॅडम मला काका म्हणतात, पण खुर्ची त्याला देतात! त्याचा चहासुद्धा मीच आणायचा. खोली लावली मी, आणि आयत्या बिळावर हा नागोबा. आता दारावर पाटी लागणार होती, संग्रह सांभाळणाऱ्याच्या नावाची. नाव एकच, आणि ते मला हवं होतं.

त्याला लिहिता येत नाही, म्हणून तो पिशवीला सुतळी बांधायचा. शेळी असेल तर एक गाठ, मेंढी असेल तर दोन. मॅडमना त्याचं भारी कौतुक. मला ते बघवेना. गेल्या वर्षी मी दोन पिशव्यांच्या सुतळ्या कापून ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर माझं चांगलंच आहे. चिठ्ठ्यांची मात्र अदलाबदल झाली, आणि ते मला कळलंही नाही.

त्या चिठ्ठ्यांवर विसंबून मॅडमनी वर्षभर काम केलं. वस्तीतली माणसं शेळ्याच पाळायची, असं त्यांनी लिहूनही काढलं. मग एकदा चहा पिता पिता पीरमहंमदनं ट्रेमधली नडगी उचलली.

"आवं बाई, ही शेळी न्हाई. ही आमच्या बनुबाईची मेंढी. हितं बघा, हाड जुळून आलंय. पाय मोडला हुता तवा कामट्या बांधून मीच बसवला हुता."

मॅडमचा चेहरा उतरला. "मग चिठ्ठी शेळीची कशी?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पीरमहंमदनं माझ्याकडे बघितलं. गाठी मारण्यात तो आयुष्यात चुकला नव्हता, त्यामुळे त्याला सगळं उमगलं होतं.

"मीच गाठी उलट्या मारल्या असतील," तो म्हणाला. "वय झालं आता."

मी गप्प राहिलो. लाज वाटली, तरी गप्प राहिलो.

महिन्याभरात पाटी लागली. पीरमहंमद पिशवी घेऊन आला आणि दारात थांबला.

"काय ल्हिलंय रं?"

मी माझंच नाव वाचून दाखवलं.

"लय बेस झालं गड्या!" त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. तो मनापासून खूश होता, मी निरखून बघितलं. मग त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. "मेंढी हाय. दोन गाठी हायत, तूच मोजून घे."

मी मोजल्या. पाटीवर नाव माझं होतं, आणि तरी मला त्याचाच हेवा वाटत होता.